फेटा न काढता पाहिलेलं जग

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. परभणीत स्टेशनवरून बाजाराकडे चालत आलात तर वाटेत माझं दुकान लागतं. पाटीवर मी काय काय करतो ते रंगीत अक्षरांत लिहिलंय. त्यातलं निम्मं मला येतं. उरलेलं निम्मं गिऱ्हाईक आल्यावर येतं. कुणी काहीही विचारलं की आधी माझ्या तोंडून "करू की" बाहेर पडतं आणि मग ते कसं करतात हे शोधायला लागतो. ड्रोन नवा घेतला तेव्हा पिंगळीच्या एका लग्नात असंच "करू की" म्हणलो आणि तो थेट नवरदेवाच्या घोडीपुढे उतरवला. घोडी वरात सोडून रेल्वे फाटकाच्या दिशेनं गेली. नवरदेव तिच्यावरच होता. व्हिडिओ मात्र छान आला. नवरीकडचे लोक अजून तेवढाच भाग बघतात.

तर एका वर्षी श्रावणात, म्हणजे आमच्या धंद्याला माश्या मारायचे दिवस असतात तेव्हा, दुकानात एक मॅडम आल्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पाणबुड्याच्या चष्म्यासारखे काळे, जाडजूड डबे.

"चारी बाजूंनी दिसेल असं शूटिंग करता का तुम्ही? पुढचं, मागचं, वरचं, खालचं, सगळं एकदम?"

"करू की."

"आधी केलंय?"

"लग्नात रोजच," मी म्हणलो. लग्नात चारी बाजूंनी मला फक्त शिव्या येतात, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांची संस्था जगातल्या मोठमोठ्या प्रश्नांची आभासी जगं तयार करायची. माणसानं डबा डोळ्यांवर चढवला की खुर्चीत बसल्या बसल्या तो दुसरीकडेच पोचतो. वितळणारा बर्फ, प्लास्टिकनं भरलेला समुद्र, वाळवंटातली आटलेली विहीर अशी जगं त्यांच्या पिशवीत तयार होती. आता पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचं जग करायचं होतं आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार निवडले होते.

"परदेशातल्या माणसाला नुसतं सांगून कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला स्वतःला फडावरच्या झोपडीत, कोपीत बसवायचं, हातात कोयता द्यायचा. मग सहवेदना निर्माण होते."

"करू की," मी म्हणलो. सहवेदनेला दर काय लावायचा हे काही सुचेना, म्हणून लग्नाआधीच्या जोडीच्या शूटिंगचाच लावला. मॅडम हो म्हणाल्या. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की यांना बाजारातलं काही कळत नाही आणि मला शूटिंगमधलं.

गाव देवगाव फाट्यावरून आत. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला जातं ते उन्हाळ्यातच परत येतं. मॅडमनी या जगाची नायिका म्हणून जी बाई ठरवली होती तिला मी ताई म्हणायचो. ती मला "शूटिंगवाले" म्हणायची, आणि ते अशा सुरात, की वाटावं मी काहीतरी चोरून न्यायला आलोय. ती आणि तिचा नवरा मिळून टोळीतला एक कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला टोळीत एक कोयताच म्हणतात. या कोयत्याची सगळी धार बायकोकडे होती. नवरा दिवसभरात बोलायचा ते तंबाखू थुंकून मोकळं झालेल्या तोंडानं, आणि ते तोंड फार कमी वेळा मोकळं व्हायचं.

मॅडमनी ताईला दोन वाक्यांत सांगितलं की तुमचं दुःख आम्ही जगाला दाखवणार आहोत.

"दाखवा," ताई म्हणाली. "पन माजं एक काम करा आदी."

तिची मुलगी सातवीत. दरवर्षी आईबापाबरोबर ट्रकात जायची, सहा महिने कोपीत राहून धाकटी लेकरं सांभाळायची, आणि परत आली की वर्गातली पोरं दोन पुस्तकं पुढे गेलेली असायची. आदल्या वर्षी मात्र शाळेमागच्या दोन खोल्यांत, मागं राहणाऱ्या लेकरांसाठी वसतिगृह चाललं होतं. पोरगी राहिली. पास झाली. सायकल शिकली. मास्तरांना उलट उत्तरं द्यायलाही तिथंच शिकली, असं ताईनं अभिमानानं सांगितलं. यंदा त्या खोल्यांना कुलूप. आत गाद्या होत्या, पातेली होती, शेगडी होती, सगळं मागच्या वर्षीचं. किल्ली एका साहेबांच्या कपाटात. कुठल्या खात्याचे साहेब ते मी लिहीत नाही. परभणी लहान गाव आहे आणि माझं दुकान रस्त्यावर आहे.

"तुमी म्हणचाल तशी मी कॅमेऱ्याम्होरं उभी ऱ्हाते," ताई म्हणाली. "नाच म्हणलाव तर नाचते. पन टोळी निघायच्या आदी ते कुलूप निघालं पाह्यजे. न्हाई निघालं तर पोरगी यंदा पुन्हा ट्रकात, आन् एकदा सातवीत सुटली की मग शाळा काय आन् काय. पाव्हणे यायला लागतात."

मॅडम खऱ्या माणूस होत्या. त्या खोटं काही बोलल्या नाहीत. "ताई, आमचं काम जाणीव-जागृतीचं आहे. कुलूप आमच्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात हाय त्याला जागं करा की."

मॅडमनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. परतीच्या रस्त्यावर, गाडीत त्या ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होत्या. आणि सेलू ओलांडल्यावर त्यांना युक्ती सुचली. जगाचा शेवट शाळेमागच्या कुलपापाशी करायचा. तिथं मुलगी उभी राहून बघणाऱ्याला विचारेल, "मला इथं राहू देता का?" बघणाऱ्यानं हो म्हणून मान हलवली तरच दार उघडेल आणि पुढचं दिसेल. मान हलवली नाही तर पोरगी तिथंच उभी. आणि हे जग परदेशात जाण्याआधी परभणीत दाखवायचं, पहिला डबा साहेबांच्या डोळ्यांवर.

साहेबांना विचारलं तर ते खूश झाले. "कागदावर सगळेच रडतात," ते म्हणाले. "मी स्वतः अनुभव घेतो, मगच निर्णय." म्हणजे किल्लीचा रस्ता आता माझ्या कॅमेऱ्यातून जाणार होता.

शूटिंगला पहिली अडचण अशी की ऊसतोड दिवाळीच्या अंगानं सुरू होते आणि आम्ही होतो भादव्यात. ऊस डोक्याएवढा, हिरवागार, पण तोडायचा नव्हता. ज्याच्या रानात गेलो तो मालक बांधावर काठी घेऊन बसला. "शूटिंग करा, खुशाल करा. पन एक कांडं तुटलं तर बगा."

म्हणून मी ताईला सांगितलं, कोयता हवेत चालवा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"हवेत?"

"हां. ऊस तोडल्यासारखं करायचं."

"आन् मोळी? ती बी हवेची बांधू का? मुकादम मोजून घेईल का ती?"

नवऱ्यानं त्या दिवशीचं एकमेव वाक्य तिथं वापरलं. "ह्यो धंदा बरा हाय," तो म्हणाला.

दुसरी अडचण माझीच. चारी बाजूंनी बघणाऱ्या कॅमेऱ्याला मागची बाजूच नसते, आणि शूटिंगवाल्याचा जन्म कॅमेऱ्याच्या मागे जातो. आता उभं राहायचं कुठं? उसात शिरलो तर पाती तोंडाला चिरा पाडायला लागली. झाडावर चढलो तर कॅमेरा वरचंही बघतोय. शेवटी एका बैलगाडीच्या खाली आडवा झालो आणि तिथूनच हुकूम सोडत राहिलो. "ताई, जरा खांद्यावरून वळून बघा. हळूच. दाजी, तुम्ही ताईंच्या मागून या. हसून!" सवयीनं बोलत होतो. वीस वर्षं मी माणसांना याशिवाय दुसरं काही सांगितलेलं नाही.

मॅडमनी शूटिंगचे तुकडे जोडून केलेली पहिली जोडणी बघितली तेव्हा ऊस तोडता तोडता ताई लाजून हसत होती, मागून शहनाई वाजत होती आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. पाकळ्या मी घातल्या नव्हत्या हो, त्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप पडतात. मॅडमनी डोळे मिटून घेतले. तो सहवेदनेचा पहिला क्षण असावा.

शहनाई काढली, पाकळ्या काढल्या, पण गाडीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय काही केल्या निघेनात. शेवटी तसेच राहिले. आजही परदेशात कुणी सहृदय माणूस त्या जगात उभा राहून डावीकडे खाली बघत असेल तर त्याला बैलगाडीखाली एक माणूस मेलेला दिसत असेल. त्याच्या मरणाचं कारण त्या जगात कुठंही सांगितलेलं नाही.

जग तयार झालं तसं आधी गावात दाखवलं. पारावर खुर्ची मांडली. एका म्हाताऱ्या बाबांनी डबा लावला आणि डब्यासोबतच्या, आत कोयता दिसणाऱ्या दांड्यानं ऊस तोडायला लागले, ते थांबेचनात. डबा काढल्यावर इकडंतिकडं बघत म्हणाले, "एवढा तोडला, गेला कुठं?" ताईनं बघितलं आणि मॅडमला विचारलं, "हे काय, आमच्याच कोपीत आमाला धाडायलाव व्हय? तितं तर आमी दसऱ्यानंतर जानारच हावोत." बाकी गावाला स्थलांतराच्या जगात काडीचा रस नव्हता. गर्दी झाली ती बर्फाच्या जगाला. बाहेर ऊन असं होतं की पाराच्या फरशीवर पाय टेकवेना, आणि माणसं डबा लावून "लय गार वाटायलंय" म्हणत बसलेली. बर्फ वितळायला लागला की ओरडायची, "पयल्यापासून लावा!" मॅडमनी संस्थेला कळवलं की ग्रामीण भागात हवामान बदलाविषयी तीव्र आस्था आहे.

कुलपाचा प्रसंग मात्र सगळ्यांनी गप्प बसून बघितला. ताईनं दोनदा बघितला. दोन्ही वेळा पोरीनं विचारल्यावर तिनं एवढ्या जोरात मान हलवली की डबा घसरला.

आता कार्यक्रम. मॅडमचं म्हणणं होतं की सगळं साधं ठेवू.

"साधंच," मी म्हणलो. "फक्त फेटे."

"फेटे कशाला?"

"मॅडम, साहेब येणार आणि त्यांना उघड्या डोक्यानं बसवणार? परभणीत असं चालत नाही. तुम्ही चिंता करू नका, इंतजाम माझ्याकडे."

हे मी स्वतःहून केलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ज्याला फेटा नाही तो पाहुणा नाही, हे मी लग्नात इतक्या वेळा बघितलंय की डोक्यात दुसरं काही आलंच नाही. एका लग्नात नवरीच्या चुलत्याला फेटा कमी पडला तर त्यानं जेवणाची पंगत उठवली होती. आणि एकदा बांधलेला सत्काराचा फेटा माणूस घरी जाऊन बायकोला दाखवल्याशिवाय काढत नाही. फेट्यासकट झोपलेले मामे मी डोळ्यांनी बघितलेत. मधेच कुणी "जरा फेटा काढा" म्हणलं तर त्याचा अर्थ सरळ आहे: झाला तुमचा मान, आता निघा.

माझा नेहमीचा फेटेवाला आला. साहेबांच्या डोक्यावर केस नसल्यानं फेटा घसरू नये म्हणून त्यानं तो आवळून, कपाळावर पार भुवयांपर्यंत ओढून बांधला. गुलाबी फेटा, वर हातभर तुरा. शेजारच्या दोन पाहुण्यांनाही तसाच. साहेब आरशात बघून हसले, मी फोटो काढला, दिवा लावून झाला, शाली झाल्या, आणि मॅडम माईकवर म्हणाल्या, "आता आपण त्या जगात प्रवेश करू या."

डबा साहेबांच्या डोक्यावर चढेना.

मॅडमनी पट्टा सैल केला. अजून सैल केला. पट्टा फेट्यावरून जाईना आणि फेट्याखाली बोट शिरेना. सभागृहात कुणीतरी खाकरलं. "सर, जरा हा..." असं म्हणून मॅडमनी फेट्याकडे हात नेला आणि साहेबांनी असं बघितलं की तो हात तसाच नमस्कारात गेला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "मी धरतो." आणि त्यांनी दुर्बीण धरावी तसा दोन्ही हातांनी डबा डोळ्यांसमोर धरला. शेजारच्या पाहुण्यांनीही धरला.

मी स्टेजच्या खाली कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. डब्यात काय दिसतंय ते मला तिथं दिसतं. शेजारी खुर्चीवर ताई, तिच्या पलीकडे पोरगी, दोघी धुतलेल्या कपड्यांत. आणि लॅपटॉपवर मला दिसलं की तिन्ही डबे बंद आहेत. त्या डब्याच्या आत एक बारीक डोळा असतो. कपाळ टेकलं की त्याला कळतं, माणूस आला, आणि जग सुरू होतं. इथं कपाळाच्या आधी फेट्याच्या घड्या. डब्याच्या मते अजून कुणी आलंच नव्हतं.

"दिसतंय ना, सर?" मॅडमनी माईकवरून विचारलं.

सगळं सभागृह बघत होतं. पत्रकारांचे मोबाईल वर झाले होते.

"हो. हो हो. दिसतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "फार काळोख आहे."

"हो सर, सुरुवातीला पहाटेचा प्रसंग आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण झालं, इथून पुढं साहेबांना मागं फिरायची सोय राहिली नाही.

"अरारा," साहेब म्हणाले आणि त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. शेजारचे एक पाहुणे म्हणाले, "लय भयानक." तिसऱ्यांनी नुसताच सुस्कारा सोडला. तिघं त्या काळ्या डब्यात बघत होते आणि तिन्ही तुरे हलत होते. इतका वेळ, इतक्या निष्ठेनं अंधार बघणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

"काय झालं?" ताईनं मला कुजबुजत विचारलं. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, हा माझा जुना दोष.

"डबा बंद हाय. फेट्यामुळं टेकंना. साहेबाला काहीच दिसंना."

"मग बगायलाय काय?"

"अंधार."

मी उठलो. मला वाटलं सांगावं, चालू करून द्यावं. काही झालं तरी शूटिंग माझं होतं आणि ते कुणीच बघत नव्हतं. ताईनं मागून शर्ट धरून मला खाली ओढलं.

"कुठं निघालाव?"

"सांगतो की. फेटा जरा वर सरकवला तर..."

"बसा गुमान. साहेबाचा फेटा काढायला लावचाल, साहेब रागानं उठून जाईल, आन् आमचं कुलूप तसंच. बसा."

मी बसलो. लॅपटॉपवर जग नव्हतंच, त्यामुळं ते संपायचाही प्रश्न नव्हता. मॅडमनीच घड्याळ बघून म्हटलं, "झालं, सर." साहेबांनी डबा खाली ठेवला, डोळे चोळले. एवढा वेळ एवढ्या जवळून काही न बघितल्यावर डोळ्याला पाणी येणारच. पत्रकारांनी ते पाणी टिपलं.

मग भाषण. "मी आज जे पाहिलं," साहेब म्हणाले, "ते शब्दांत सांगता येणार नाही." हे अगदी खरं होतं. "तो अंधार! त्या अंधारात मला या कष्टकऱ्यांचं जीवन दिसलं. आणि म्हणून मी इथं जाहीर करतो की या प्रश्नावर आपण दिवाळीनंतर एक समिती नेमू."

टाळ्या. दिवाळीनंतर म्हणजे ट्रक गेल्यानंतर. पोरीनं ताईकडे बघितलं. ताई उभी राहिली.

"साहेब, मी त्या डब्यातली बाई."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग चेहऱ्यावर ओळख आणली. "हो हो. ओळखलं की. फार छान केलंत तुम्ही."

"आन् ही माजी पोरगी. हिला बी वळखलाव आसंल."

"तर! हिला कोण विसरेल?"

"शेवटी हिनं तुमाला एक इचारलं."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे. मी लॅपटॉपची कुठलीतरी कळ दाबली, उगीच.

"विचारलं," साहेब म्हणाले. "विचारलं ना."

"तुमी मान हालवल्याबिगर म्होरचं दिसतच न्हाई. म्याडमनं तसंच करून ठिवलंय. आन् तुमी तर शेवटपतुर बगितलाव."

"बघितलं."

"म्हंजे मान हालवलाव."

"हलवली की. सगळ्यांनी बघितलंय, हलवली."

"म्हंजे हो म्हणलाव."

"हो म्हणालो. का नाही म्हणणार? लेकरू काहीतरी चांगलंच मागणार."

"ह्या पाव्हण्यांनी बी म्हणलं आसंल."

दोन्ही पाहुण्यांनी घाईघाईनं मान हलवली. तुरे लवून आले.

"मग साहेब, किल्ली कदी देताव?"

"किल्ली?" साहेबांना खरोखरच काही कळेना. त्यांच्या त्या जगात किल्ली आलीच नव्हती. "कसली..." म्हणता म्हणता ते सावरले, कारण मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं.

आता पोरगी उठली. आईपेक्षा आवाज बारीक, पण स्पष्ट. "साळंमागच्या खोल्याची, सर. तुमी हो म्हणलाव तवाच दार उगडलं न्हाई का? आत आमच्या गाद्या दिसल्या आसतील बगा. लाल."

"लाल," साहेब म्हणाले. "दिसल्या. लाल गाद्या."

गाद्या निळ्या होत्या. त्या गाद्यांवर मी खिडकीच्या गजांतून दीड दिवस कॅमेरा लावला होता, त्यांचा निळा रंग मला झोपेतही दिसतो. मी पोरीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे अशा निरागस चेहऱ्यानं बघितलं की मला घाम फुटला. तिला सगळं कळलं होतं. आणि मॅडमलाही त्या क्षणी कळलं. त्यांचं तोंड उघडलं. खोटं सहन न होणारी बाई. मला वाटलं, आता बोलतात आणि सगळं संपतं. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा फेट्याकडे, आणि माईक तोंडाशी नेला.

"सर, मग किल्ली उद्याच पाठवू म्हणालात ना?"

"उद्याच," साहेब म्हणाले. "समिती नंतर. किल्ली उद्याच."

उद्या उजाडला, किल्ली आली नाही. परवाही नाही. गावात मुकादमाचा निरोप आला की ट्रक दोन-चार दिवसांत लागेल. ताईचा मला फोन, "शूटिंगवाले, तुमचं ते जग कुठवर आलं?" मी काय सांगणार? पण माझा दुसरा कॅमेरा कार्यक्रमभर चालूच होता. लग्नवाल्याचा कॅमेरा जेवणावळ संपेपर्यंत बंद होत नसतो. त्यातला साहेबांचा तेवढाच तुकडा कापला, म्हणजे पाणावलेले डोळे, मान हलवणं आणि "किल्ली उद्याच", आणि साहेबांना पाठवला. खाली लिहिलं: फेटा फार शोभतोय, साहेब.

साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी स्वतःच मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. सगळ्या जिल्ह्यानं बघितला. मग त्यांच्या वरच्या साहेबांनी बघितला आणि कौतुकानं विचारलं म्हणे, "दिली का किल्ली?" त्याच दुपारी एक शिपाई मोटारसायकलवर गावात आला, किल्ली शाळेत देऊन, चहा पिऊन गेला. कुलूप पावसाळ्यात गंजलं होतं. किल्ली फिरेचना. शेवटी ताईच्या नवऱ्यानं कोयत्याच्या मुठीनं दोन ठोके घातले आणि दार उघडलं.

ट्रक लागला त्या सकाळी मी गावात होतो. का गेलो होतो ते मला सांगता येणार नाही, कारण लग्न नव्हतं आणि मॅडमही परत पुण्याला गेल्या होत्या. निळ्या गाद्या शाळेच्या भिंतीवर उन्हात टाकलेल्या. ट्रकवर पाट्या, पातेली, सरपण, कोंबड्यांचं एक खुराडं, आणि त्या सगळ्यावर माणसं. मी ट्रकच्या पलीकडच्या बाजूनं एक पाण्याचा ड्रम वर द्यायला हात लावत होतो. ताई चढली. पोरगी शाळेच्या बाजूला उभी.

"तेल लावत जाय डोक्याला," ताई वरून ओरडली. "बारक्या पोरीसंगं भांडू नको. आन् सायकल कुणाला दिऊ नको."

"हां."

"मास्तरला उलट बोलू नको."

"जाय ना माय आता. किती येळा सांगशील!"

ट्रक सुरू झाला तशी ताईनं तोंड फिरवलं, माझ्या बाजूला. आणि ड्रायव्हरला शिव्या द्यायला लागली, सावकास हाण म्हणून, आणि मधेच पदर तोंडात कोंबला. मग ट्रक वळणाला लागला.

पोरगी माझ्याजवळ आली. "तुमी तिकडून व्हताव ना?"

"हां."

"माय रडली का?"

माझ्या तोंडातून नेहमीचं काहीतरी खोटं निघणार होतं. पण निघालं नाही.

"रडली," मी म्हणलो.

"मग ठीक हाय," ती म्हणाली. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि भिंतीवरची आपली गादी उचलून आत नेली.